कॅमेऱ्यासमोर न येता कमाई: कापसाच्या खोलीतून चालणाऱ्या चॅनेलचा अनुभव

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. घरातली मधली खोली दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कापसानं भरलेली असते, कारण भाव वाढेल या आशेनं आम्ही सगळा कापूस एकदम विकत नाही. याच खोलीत दार लोटून मी माझ्या यूट्यूब व्हिडिओंचा आवाज रेकॉर्ड करते. कापूस आवाज पिऊन घेतो, त्यामुळे भिंतींवरून घुमून येणारा आवाज तिथं उरतच नाही. पहिल्यांदा बसले तेव्हा सासूबाईंनी दाराबाहेरून विचारलं होतं, "काहून वं, एकटीच कोणाशी बोलून राह्यली?" आज त्यांचेच हात माझ्या निम्म्याअधिक व्हिडिओंत दिसतात.

चेहरा दाखवायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. लग्न होऊन आलेल्या गावात मोबाइलसमोर उभं राहून बोलणं मला जमणारं नव्हतं, घरच्यांनाही ते रुचलं नसतं. माझ्यासारख्या बाया गावोगावी आहेत. अंगात हुन्नर असून लाजेपायी मागे राहिलेली पोरंही आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. चेहरा दिसला नाही तरी व्हिडिओ चालतो, पण त्यात तुमचे हात, तुमचा आवाज किंवा तुम्हाला स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट, यातलं काहीतरी असलंच पाहिजे. हल्ली 'फेसलेस चॅनेल' म्हणून जे शिकवतात त्यात मजकूर मशीन लिहिते, आवाज मशीन देते आणि चित्रं दुसऱ्याच्या व्हिडिओतून कापून आणलेली असतात. असे दिवसाला पाच व्हिडिओ टाका म्हणतात. या वाटेनं जाऊ नका. साच्यातून काढल्यासारख्या, घाऊक व्हिडिओंना कमाई नाही, हा यूट्यूबचा नियम आधीपासून होताच. १५ जुलै २०२५ पासून त्यांनी त्याचं नाव बदलून 'अस्सल नसलेला मजकूर' असं केलं आणि तो अधिक स्पष्ट केला. दुसऱ्याचे व्हिडिओ फारशी भर न घालता पुन्हा टाकण्याबद्दलचा नियम तर वेगळाच आहे. सहा महिने राबून हजार सबस्क्रायबर जमवायचे आणि अर्ज केल्यावर नकार यायचा, हे दुःख मी जवळच्या एका मुलाचं पाहिलं आहे.

विषय कसा निवडायचा

कागद घ्या आणि दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. गावातले लोक तुम्हाला काय विचारायला येतात? आणि कोणतं काम करताना तुमचे हात आपोआप चालतात? माझ्या बाबतीत उत्तर वाळवणाचं होतं. कुरडईचा गहू तीन दिवस कसा भिजवायचा, चीक किती वेळ निवळू द्यायचा, सरगुंडे काडीवरून न तुटता कसे काढायचे, हे विचारायला शेजारच्या बाया सासूबाईंकडे येतच होत्या. मी फक्त मोबाइल वर टांगला.

तुमचं उत्तर वेगळं असेल. मोटरचा स्टार्टर दुरुस्त करणारा माणूस कोणत्याही गावात सोन्यासारखा. त्याचे दोन हात, एक टेस्टर आणि उघडलेला स्टार्टर, एवढ्यावर चॅनेल उभं राहतं. ब्लाउजची कटिंग, शेळीचं बाळंतपण, वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याचा आंबिया आणि मृग बहार, भंडारा-गोंदियाकडची धानाची रोवणी, या सगळ्यात बघण्यासारखं हातातच असतं.

स्वतःचं कसब नसेल तरी कागदपत्रांचं काम आहे. सातबारा कसा वाचायचा, आठ अ म्हणजे काय, फेरफार कुठे अडकला ते कसं बघायचं, ई-पीक पाहणी मोबाइलवर कशी नोंदवायची. ही पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, तरी हंगाम आला की सेतू केंद्रापुढे गर्दी असतेच. मोबाइलची स्क्रीन रेकॉर्ड करायची आणि त्यावर शांतपणे बोलायचं. मात्र दुसऱ्याचा सातबारा, आधार क्रमांक किंवा फोन नंबर स्क्रीनवर आला तर तो झाकल्याशिवाय व्हिडिओ टाकू नका.

विषय निवडताना त्याचं आयुष्यही बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल जाहीर झाला, यावर व्हिडिओ केला तर तो चार दिवस जोरात चालेल आणि पुढच्या वर्षी कुणी उघडूनही बघणार नाही. केंद्रावर कापूस नेण्याआधी ओलावा कसा तपासायचा, हा व्हिडिओ दरवर्षी दिवाळीनंतर पुन्हा जिवंत होईल. सुरुवातीचे दहा व्हिडिओ या दुसऱ्या जातीचे करा.

हंगामाच्या आधी महिनाभर व्हिडिओ तयार हवा. कुरडया लोक चैत्र-वैशाखात करतात, म्हणजे व्हिडिओ फाल्गुनात टाकायचा. त्यासाठी गेल्या उन्हाळ्याचं चित्रीकरण जपून ठेवावं लागतं. पहिल्या वर्षी हे माझ्या ध्यानात आलं नाही. ऐन मे महिन्यात व्हिडिओ टाकला, तोवर लोकांची वाळवणं डब्यात गेली होती.

शेतीचा सल्ला देणाऱ्यांना हात जोडून विनंती. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. हे आम्ही पेपरात वाचलेलं नाही, आजूबाजूच्या गावांत पाहिलेलं आहे. त्यामुळे औषधाचं प्रमाण मशीनला विचारून किंवा कुणाच्या तोंडून ऐकून व्हिडिओत सांगू नका. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्या शिफारशी मराठीतही मिळतात. त्या बघा, डब्यावरचं लेबल वाचून दाखवा, आणि हातमोजे-मास्कशिवाय फवारणीचं एकही दृश्य टाकू नका.

चॅनेल उघडणं

हे काम अर्ध्या तासाचं आहे. नवं जीमेल खातं काढा, त्यावर चॅनेल उघडा. चॅनेलला स्वतःचं नाव द्यायची सक्ती नाही. नाव मराठीत, छोटं आणि विषय सांगणारं असू द्या. फोन नंबरनं खातं पडताळून घ्या, त्याशिवाय स्वतःचं थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र, लावता येत नाही आणि पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. त्याच बैठकीत द्विस्तरीय पडताळणी चालू करा, म्हणजे खातं उघडताना पासवर्डासोबत दुसरी खूणही मागितली जाते.

लहान मुलांसाठी गोष्टी सांगणार असाल तर एक अडचण आधीच माहीत असू द्या. प्रत्येक व्हिडिओ टाकताना तो मुलांसाठी आहे का, हे सांगावंच लागतं. 'हो' म्हटलं की त्यावर आवडीनुसार दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद होतात, कमेंटही बंद होतात, आणि कमाई बरीच घटते. म्हणून खोटं उत्तर देऊ नका, तो नियमभंग ठरतो. गोष्टी मोठ्यांसाठी सांगायच्या की लहानांसाठी, ते विषय ठरवतानाच ठरवा.

आवाज

चेहरा नसलेल्या व्हिडिओत लोक तुमच्या आवाजावर थांबतात. चित्र थोडं पुसट असलं तर चालून जातं. आवाज खरखरला की माणूस निघून जातो.

कापसाची खोली प्रत्येकाकडे नसते, आणि आमच्याकडेही होळीनंतर ती रिकामी होते. मग मी काय करते ते सांगते. लोखंडी कपाटाचं दार उघडते, आत साड्या टांगलेल्या असतातच. दोन बाजूंना बाजा उभ्या करून त्यांच्यावर वाकळी टाकते आणि मध्ये पाटावर बसते. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला. अगदी समोर धरला तर 'प' आणि 'भ' म्हणताना श्वासाचा फटका बसतो. खिशाला लावायचा वायरचा माइक काहीशे रुपयांत मिळतो, पहिली खरेदी तीच करा. आणि कापसात बसणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, हे इकडच्या माणसाला सांगायला नकोच.

पंखा बंद. फ्रीज असेल तर तेवढ्यापुरता बंद. टिनाच्या छपरावर पाऊस पडत असेल तर त्या दिवशी रेकॉर्डिंगच सोडून द्या. रात्री दहानंतर गाव शांत होतं, पण आमच्याकडे शेतीच्या लाइनीची पाळी रात्री असली की मोटारी चालू होतात, म्हणून मी पहाटे पाचची वेळ धरली आहे. वीज गेलेली असली तर आणखी बरं, सगळं गाव गप्प असतं. मोबाइल तेवढा आधी चार्ज करून ठेवायचा.

भाषा आपली ठेवा. 'पऱ्हाटी' म्हणायची सवय असेल तर 'कपाशीचे झाड' म्हणू नका. माझे पहिले तीन व्हिडिओ मी बातम्यांमधल्या बाईसारखे बोलले होते, ते आजही सगळ्यांत कमी बघितले जातात. चौथ्यात सासूबाई मागून बोलल्या, "चीक दाटला नाही वं अजून, हालव जराशीक," आणि मी ते कापलं नाही. त्या एका वाक्यावर सोलापूरपासून नाशिकपर्यंतच्या बायांच्या कमेंट आल्या, आम्हाला आजी आठवली म्हणून. मशीनचा आवाज वापरून पाहायचा असेल तर पाहा, पण त्याच्या तोंडून 'पऱ्हाटी' आणि 'काहून' एकदा ऐका, मग तुम्हीच ठरवा.

चित्र

वरून खाली बघणारा मोबाइल, ही या सगळ्या प्रकारातली मुख्य युक्ती. बाजारात त्यासाठी स्टँड मिळतात. मी वर्षभर घरच्या सामानावर काम केलं. धान्याच्या दोन सारख्या उंचीच्या कोठ्या घ्या, त्यांच्यावर आडवी फळी टाका. मोबाइल स्क्रीन वर करून फळीवर ठेवा आणि मागच्या कॅमेऱ्याचा भाग कडेच्या बाहेर दोन बोटं काढा. मोबाइल जाड दोऱ्यानं फळीला बांधा, आणि फळी हलू नये म्हणून दुसऱ्या कडेला वरवंटा ठेवा. खाली परात. परातीच्या खाली एकाच रंगाचं कापड अंथरा, फुलाफुलांचं नको, नाहीतर नजर हातावर टिकत नाही.

उजेड ओसरीतला, सकाळी सात ते नऊ. सूर्य थेट पडू देऊ नका. दारातून येणारा उजेड डाव्या हाताकडून आला तर उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलटं करावं. मे महिन्यात दहानंतर उन्हात मोबाइल ठेवला तर तो तापून स्वतःच कॅमेरा बंद करतो. आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा वाळवणाचे सगळे शॉट सूर्य वर यायच्या आत उरकावे लागतात.

आता चेहरा लपवण्याबद्दल. मी निश्चिंत होते, आणि एका मैत्रिणीनं फोन करून सांगितलं की स्टीलच्या गंजात (पातेल्यात) तू पूर्ण दिसतेस. खरंच दिसत होते, ओढणीसकट. तेव्हापासून मी पितळेची आणि ॲल्युमिनियमची जुनी भांडी वापरते, आणि व्हिडिओ टाकण्याआधी मोठ्या स्क्रीनवर एकदा फक्त प्रतिबिंबांसाठी बघते. चष्मा, टीव्हीची काळी काच, गाडीचा आरसा, सगळं तपासा. गाडीचा नंबर, घराबाहेरची पाटी, मुलाच्या शाळेचा गणवेश यावरूनही माणूस सापडतो. आवाज तर ओळखीचे लोक ओळखतातच. म्हणून घरच्यांना अंधारात ठेवून हे सुरू करू नका. गावात कधी ना कधी कळणारच आहे, ते तुमच्या तोंडून आधी कळलेलं बरं. ज्यांचे हात किंवा आवाज घेता त्यांना आधी विचारा आणि व्हिडिओ टाकण्यापूर्वी दाखवा.

जोडणं आणि टाकणं

आधी लिहून काढा. एका मिनिटात साधारण शंभर-सव्वाशे शब्द सावकाश बोलून होतात, म्हणजे सहा मिनिटांना सातशे शब्द. पहिल्या वाक्यात स्वागत, नमस्कार, लाइक करा असलं काही नको. कुरडई तुटते का, यापासूनच सुरू करा.

जोडायला संगणक लागत नाही. यूट्यूबचं स्वतःचं 'यूट्यूब क्रिएट' ॲप फुकट आहे, व्हीएन आहे, काइनमास्टर आणि इनशॉटही चालतात, त्यांच्या फुकट आवृत्तीत चिन्ह राहतं इतकंच. घरी लॅपटॉप असेल तर आवाज साफ करायला ऑडॅसिटी मोफत आहे. थंबनेल कॅनव्हावर करा. त्यावर चार शब्दांपेक्षा जास्त नको, अक्षरं जाड, कारण तुमचा प्रेक्षकही लहान मोबाइलवरच बघतो आहे.

अपलोड हे गावातलं खरं दुखणं. सात-आठ मिनिटांचा चांगला व्हिडिओ सहज काहीशे एमबीचा होतो, आणि रोजचा डेटा दीड जीबी. रात्री बारानंतर नवा डेटा सुरू होतो तेव्हा नेटही मोकळं असतं. आमच्या घरात रेंज येत नाही, म्हणून मोबाइल गच्चीवरच्या टाकीला टेकवून ठेवते आणि झोपते. व्हिडिओ आधी खासगी ठेवून चढवायचा आणि सकाळी तपासून सगळ्यांना खुला करायचा.

आठवड्याला एक व्हिडिओ पुरे. कापूस वेचणीच्या दिवसांत तेही होत नाही, म्हणून आषाढात चार जादा करून ठेवा.

गाणं आणि गोष्ट कुणाची

मला इथं ठेच लागली. वाळवणाच्या व्हिडिओमागे एक सिनेमातलं गाणं हळू आवाजात लावलं होतं. लगेच हक्काचा दावा आला, आणि त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाणार असं कळलं. दावा आणि स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याची चॅनेलवर पडणारी नोंद, यात फरक आहे. दाव्यानं त्या एका व्हिडिओपुरतं नुकसान होतं. कॉपीराइटचे तीन स्ट्राइक नव्वद दिवसांत लागले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. यूट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे आपलं चॅनेल सांभाळायच्या जागी, ऑडिओ लायब्ररी आहे, तिथलं संगीत वापरा. मी तर आता नुसता सोऱ्याचा करकर आवाज ठेवते.

गोष्टी वाचून दाखवणाऱ्यांसाठी: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क शाबूत असतो. त्याच्या आतलं पुस्तक परवानगीशिवाय वाचता येत नाही, नाव दिलं तरीही नाही. पण जात्यावरच्या ओव्या, आजीनं सांगितलेल्या वऱ्हाडी गोष्टी, झाडीपट्टीतल्या म्हणी या कुण्या एकाच्या मालकीच्या नाहीत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. ते गेल्यावर हे कुठंच मिळणार नाही.

खऱ्यासारखं दिसणारं चित्र किंवा खऱ्या माणसाचा आवाज मशीननं बनवला असेल तर व्हिडिओ टाकताना तसं जाहीर करावं लागतं. तो रकाना प्रामाणिकपणे भरा.

पैसे किती आणि कधी

जाहिरातीची कमाई सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर लागतात. सोबत मागच्या १२ महिन्यांत ४००० तास बघितलं गेलेलं असावं, किंवा मागच्या ९० दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यू मिळालेले असावेत. त्याआधीची एक पायरी आहे: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ, आणि ३००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यू. तिथं प्रेक्षकांकडून थेट मिळणारे पैसे चालू होतात, जाहिरातीचे नाहीत. शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत, हे नव्या लोकांना हटकून ठाऊक नसतं.

४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एक माणूस तुमचा व्हिडिओ सरासरी तीन मिनिटं बघत असेल तर ८० हजार व्ह्यू लागतील. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे महिन्याभरात निराश व्हायला होणार नाही.

मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुम्हाला मिळतात. शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५ टक्के. स्टुडिओत 'आरपीएम' नावाचा आकडा दिसतो, तो हजार व्ह्यूमागे तुमच्या हाती काय आलं ते सांगतो, यूट्यूबचा वाटा आधीच वजा करून. समजा तो ३० रुपये निघाला, तर एक लाख व्ह्यूचे तीन हजार. मराठी व्हिडिओ बघणारे बहुतेक लोक भारतातले, आणि इथल्या जाहिरातींचे दर अमेरिकेपेक्षा कमी आहेत. एका महिन्यात लाखो कमावल्याचे आकडे तुम्हाला कुणी दाखवले तर कोणत्या देशातल्या प्रेक्षकांवर, ते विचारा. व्हिडिओ आठ मिनिटांहून मोठा असला तर मध्येही जाहिरात लावता येते. पण त्यासाठी पाच मिनिटांचा विषय ताणू नका.

फक्त जाहिरातीवर घर चालेल असं मी कुणालाही सांगणार नाही. आमच्या घरी जास्त पैसे आले ते व्हिडिओ बघून कुरडया मागवणाऱ्यांकडून. बचत गटातल्या आम्ही सहा जणींनी मिळून ते सुरू केलं. खायची वस्तू विकायची तर अन्नसुरक्षा विभागाची एफएसएसएआय नोंदणी लागते, लहान घरगुती व्यवसायालाही, तेवढं आधी करून घ्या. वस्तूची लिंक देऊन कमिशन मिळवता येतं, दुकानदाराकडून पैसे घेऊन त्याची वस्तू दाखवता येते. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर 'जाहिरात' असं स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. आणि न वापरलेलं बियाणं किंवा औषध पैशापायी चांगलं म्हणू नका, तुमच्या शब्दावर कुणाचा तरी हंगाम जाणार असतो.

आवाज बरा जमू लागला की तालुक्याच्या दुकानांची जाहिरात, शाळांचे कार्यक्रम, दिंडीचं निमंत्रण यांचं बोलण्याचं कामही येतं. तेही चेहऱ्याविना.

फसवणाऱ्यांपासून सांभाळून

हे सुरू केलं की तुमच्या मागे लोक लागतात. सबस्क्रायबर विकणारे येतात. विकत घेतलेले सबस्क्रायबर व्हिडिओ बघत नाहीत, आणि पकडलं गेलं तर कमाई बंद होते. व्हिडिओ लाइक करा, प्रत्येकी पन्नास रुपये, असा टेलिग्रामवरचा निरोप आला तर तो सरळ पुसून टाका. आधी शंभर-दोनशे खरंच देतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात. तयार चॅनेल आणि हमखास कमाईचा कोर्स विकणाऱ्या एकाला आमच्या नात्यातल्या एका मुलानं सोयाबीन विकून पैसे दिले होते. त्याला व्हॉट्सॲपवर काही फाइली आल्या आणि नंतर तो नंबर बंद झाला. या लेखात लिहिलेलं सगळं शिकायला एक रुपया लागत नाही.

प्रायोजक म्हणून ईमेल येतो आणि करारपत्राची फाइल उघडा म्हणतात, त्यातून चॅनेल चोरीला जातं. अनोळखी फाइल उघडू नका. पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पिनचं पत्र

प्रेक्षकांना चेहरा दाखवायचा नाही, पण पैसे देणाऱ्याला खरं नाव-गाव द्यावंच लागतं. कमाईला मंजुरी मिळाली की ॲडसेन्स, म्हणजे गूगलचं पैसे देणारं खातं, जोडायचं. त्यावरचं नाव पॅन आणि बँक पासबुकावर जसं आहे अगदी तसंच लिहा. माहेरचं आडनाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असेल तर ते आधी एकसारखं करून घ्या, माझे यात दोन महिने गेले. वय अठराच्या आत असेल तर आई-वडिलांचं खातं जोडावं लागतं. एका माणसाला एकच ॲडसेन्स खातं.

कराची माहितीही विचारतात. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. पॅन देऊन डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म भरला तर भारतासाठी तो १५ टक्के आणि तोही फक्त त्या भागावर. फॉर्म भरलाच नाही तर सगळ्या कमाईतून कापला जाऊ शकतो. बँकेचं खातं स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा क्रमांक) असलेल्या शाखेचं लागतं, गावातल्या पतसंस्थेचं चालत नाही. बँकेत विचारून मगच आकडे भरा. ही कमाई आयकर विवरणपत्रात दाखवायची असते, तालुक्याच्या कर सल्लागाराला पहिल्याच वर्षी भेटा.

मग येतं ते पत्र. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे तपासायला एक सहा अंकी पिन साध्या टपालानं पाठवतात. यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार महिन्यांत तो टाकला नाही तर जाहिराती दिसणं थांबतं. आणि गावात साधं टपाल पोहोचणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहेच. माझं पहिलं पत्र आलंच नाही. पत्त्यात मी नुसतं घर नंबर आणि गाव लिहिलं होतं, आणि आमच्या गावात त्याच आडनावाची अकरा घरं आहेत. दुसऱ्यांदा पत्त्यात सासऱ्यांचं नाव, मारुतीच्या मंदिरामागे, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड असं सगळं लिहिलं. नवं पत्र मागवता येतं, पण ठरावीक वेळाच, आणि तेवढीही चुकली तर ओळखपत्र चढवून पडताळणी करता येते.

पोस्टमनदादांना आधीच सांगून ठेवा की परदेशी शिक्क्याचं एक पातळसं पाकीट येणार आहे, कुणाच्याही हाती देऊ नका. आमच्याकडे ते दुपारी शाळा सुटायच्या वेळी येतात. पाकिटाच्या तिन्ही कडा ठिपक्यांवर फाडून उघडायच्या, सहा आकडे दोनदा वाचायचे आणि मगच टाकायचे, कारण तीन वेळा चुकलं तर पुन्हा अडकतं. त्यानंतर १०० डॉलर पूर्ण झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. बँकेतून फोन आला तर हे पैसे कशाचे, ते एका ओळीत सांगता आलं पाहिजे. सासूबाईंनी त्या दिवशी फोन माझ्या हातून घेतला आणि साहेबांना स्वतःच सांगितलं, "आमच्या कुरडयाचे हायेत बापा."